प्रमाण पाळले, परिमाण विसरले

आमच्या देवस्थानच्या अग्रशाळेत जत्रेच्या आदल्या संध्याकाळी जी मंडळी जमते, तीत छायाचित्रणाचा नाद असलेले पाचसहा गृहस्थ आहेत. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. तरीही ही माणसे जुन्या कॅमेऱ्यात कृष्णधवल फिल्म भरतात, घरच्या न्हाणीघराचे दार बंद करून ती स्वतःच्या हातांनी धुतात, आणि ओली निगेटिव्ह उजेडाकडे धरून पाहताना त्यांना जे समाधान लाभते त्याची थट्टा करण्याचे धैर्य माझ्यात नाही. मी त्यांतलाच एक आहे. परंतु ह्या मंडळींत एका प्रश्नावर दोन तट पडलेले आहेत, आणि हे दोन्ही तट चुकीचे आहेत असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे हा लेख लिहिणे मला प्राप्त झाले आहे. प्रश्न दिसायला क्षुल्लक आहे: डेव्हलपरमध्ये पाणी घालावे की घालू नये?

पहिला तट सोवळ्यांचा. पुडीतली भुकटी एक लिटर पाण्यात विरघळवून जे मूळ द्रावण तयार होते, त्यात आणखी पाण्याचा थेंबही पडू नये, असे हे म्हणतात. गवळ्याने दुधात पाणी घातले तर आपण त्याला उभा करतो, मग डेव्हलपरमध्ये पाणी घालणारा शहाणा कसा, हा त्यांचा ठरलेला दृष्टांत. दुसरा तट काटकसऱ्यांचा. फिल्म महाग, रसायने परदेशातून येणार, उदकमंडलमचा ‘इंदू’ फिल्मचा कारखाना केव्हाच बंद पडलेला. तेव्हा एकास तीन पाणी घाला आणि एका बाटलीत चौपट रोल धुवा, असे ह्यांचे अर्थशास्त्र. ह्या तटाचे अध्वर्यू आमचे एक स्नेही आहेत. ते हसत हसत मला म्हणाले होते, “उदक फुकट मेळटा मरे, वकील!” उदक फुकट मिळते हे खरे. परंतु त्या फुकट उदकाची किंमत शेवटी कोणी भरली, हे मला आज सांगायचे आहे.

प्रथम सोवळ्यांचा समाचार घेऊ, कारण त्यांचा दावा पहिल्याच तारखेला निकालात निघण्यासारखा आहे. दुधात पाणी घालणे हा गुन्हा आहे, कारण विकणारा पाण्याला दूध म्हणून खपवतो. डेव्हलपरमध्ये पाणी घालण्यात कोणाचीही फसवणूक नाही. १८९१ सालापासून बाजारात असलेले रोडिनल हे तर पाणी घालण्यासाठीच जन्मलेले द्रव्य आहे. एका भागास पंचवीस किंवा पन्नास भाग पाणी, हीच त्याची वापरण्याची रीत. ते तसेच्या तसे टाकीत ओतणारा मनुष्य सोवळा नव्हे, अडाणी ठरेल. १९२७ सालच्या सुप्रसिद्ध डी-७६ ची गोष्ट घ्या. त्याचे प्रकाशित सूत्र असे: एक लिटर द्रावणात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. इल्फर्डचे आयडी-११ जवळजवळ ह्याच सूत्राचे. ह्या दोन्ही द्रावणांना पाणी घालून वापरण्याची मुभा खुद्द निर्मात्यांनीच दिलेली आहे.

ह्या पाण्याने द्रावणाचा नुसता जोर कमी होतो असे नाही, त्याचा स्वभावही बदलतो. एका लिटरमधले शंभर ग्रॅम सल्फाइट चांदीच्या कणांच्या कडा किंचित विरघळवते, आणि त्यामुळे चित्र मऊ व बारीक कणांचे येते. समभाग पाणी घातले की तेच सल्फाइट लिटरला पन्नास ग्रॅमवर येते, तिप्पट पाणी घातले की पंचवीसवर. कडा विरघळणे कमी होते, कण थोडे अधिक दिसू लागतात, पण रेषा धारदार होतात. शिवाय सौम्य द्रावण जिथे प्रकाश फार पडला आहे तिथे लवकर थकते आणि अंधाऱ्या भागात काम करीत राहते. टाकी फार हलवली नाही तर हा गुण ठळकपणे दिसतो. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभावर दिवे लागलेले असताना ज्याने चित्र घेतले असेल त्याला ह्याचे मोल कळेल. ज्योती पांढऱ्या ठिपक्यांत फुटून जात नाहीत आणि स्तंभाचे अंगही काळोखात बुडत नाही.

आमच्या हवेसाठी तर सौम्य द्रावणाचा आणखी एक मोठा उपयोग आहे. तक्ते वीस अंश तापमानाचे असतात. वैशाखात आमच्या नळाचे पाणी कुठे आणि वीस अंश कुठे! इल्फर्डच्या तक्त्याप्रमाणे एचपी५ प्लस ही फिल्म आयडी-११ च्या मूळ द्रावणात वीस अंशांवर साडेसात मिनिटे ठेवायची. पाणी अठ्ठावीस अंशांचे असेल तर ही वेळ पाच मिनिटांच्या पुष्कळ खाली उतरते, आणि इतक्या थोड्या वेळात द्रावण सर्वत्र सारखे पोचत नाही, चित्रावर पट्टे उमटतात. समभाग पाणी घातले की साडेसातची तेरा मिनिटे होतात, तिप्पट घातले की वीस. मग उन्हाळ्यातही वेळ हातात राहते. तेव्हा सोवळ्यांनी आपला दावा मागे घ्यावा, हे बरे.

आता काटकसरे माझ्याकडे कौतुकाने पाहू लागले असतील. त्यांनी फार लवकर हुरळून जाऊ नये. त्यांचा अपराध सोवळ्यांहून मोठा आहे, कारण सोवळ्यांच्या हट्टाने फार तर चार पैसे अधिक जातात. काटकसऱ्यांच्या हिशेबाने जे गेले ते परत येणारे नाही.

शेजारच्या गावी एक लहानसे देऊळ आहे. त्याच्या सभामंडपाच्या बाहेरच्या भिंतीवर कावी होती. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो सुकण्यापूर्वी टोकदार हत्याराने कोरून आतला पांढरा चुना उघडा करायचा, ही कोकणपट्टीतली, गोव्यातली आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावरची जुनी कला. तांबड्यावर पांढरी वेलबुट्टी, हत्ती, द्वारपाल, कुठे दशावतार. जीर्णोद्धाराच्या नावाखाली अशा किती भिंती गेल्या ह्याची कुणी नोंद ठेवलेली नाही. त्या देवळाच्या महाजनांनीही सभामंडप पाडून सिमेंटचा बांधण्याचे ठरवले. निर्णय झाला होता. आमचे कोणी ऐकले नाही. निदान भिंतीचे चित्र तरी राहावे म्हणून मी आणि उपरोक्त स्नेही दोन रोल घेऊन गेलो. एफपी४ प्लस, छत्तीस छत्तीस चित्रांचे. सकाळच्या उन्हात भिंत हातहातभर अंतराने टिपली. बहात्तर चित्रे झाली. तिसऱ्या रोलवर एका कोपऱ्याची चार चित्रे घेऊन आम्ही उठलो. उरलेला रोल कॅमेऱ्यात तसाच राहिला.

त्या रात्री स्नेह्यांच्या न्हाणीघरात दोन्ही रोल एकाच टाकीत गेले. टाकी सहाशे मिलिलिटरची. सूत्राप्रमाणे घरी तयार केलेले डी-७६, एकास तीन पाणी. म्हणजे दीडशे मिलिलिटर मूळ द्रावण आणि साडेचारशे पाणी. बादलीत बर्फ घालून तापमान वीस अंशांवर आणले. तक्त्यात आयडी-११ साठी ह्या प्रमाणाला वीस मिनिटे दिली आहेत; ती घड्याळ लावून मोजली. मी तिथे होतो. मी हरकत घेतली नाही, हे येथे कबूल करणे माझे कर्तव्य आहे. आठवड्यापूर्वी स्नेह्यांनी ह्याच प्रमाणाने पालखीच्या रात्रीचा एक रोल धुतला होता आणि तो सुरेख आला होता. त्या दाखल्यावर आम्ही दोघेही विसंबलो.

निगेटिव्ह बाहेर काढल्या तेव्हा त्या धुरकट काचेसारख्या होत्या. भिंतीवरचा चुना, जो निगेटिव्हमध्ये काळाभोर दिसायला हवा, तो जेमतेम करडा. कोरलेल्या बारीक रेषा आजूबाजूच्या रंगात मिसळून गेलेल्या. ठसे काढून पाहिले, स्कॅनरवर घालून पाहिले; भिंत आहे एवढे कळते, भिंतीवर काय होते ते कळत नाही. आम्ही धावत गावी गेलो. तोपर्यंत सभामंडपाच्या जागी मुरमाचा ढीग होता. डेव्हलपरला मराठीत विकासक म्हणावे असे कोणी सुचवले होते म्हणे. तो शब्द आता इमारती बांधणाऱ्यांनी पळवला आहे. त्या भिंतीच्या नशिबी दोन्ही विकासक आले आणि दोघांनीही तिला पुसून टाकले.

आता खटला. स्नेही म्हणतात, प्रकाश कमी पडला असेल. मी साक्षीदार उभा करतो. फिल्मच्या कडेला चित्रांचे आकडे आणि फिल्मचे नाव असते. ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असते. त्याचा आमच्या कॅमेऱ्याशी काही संबंध नाही. प्रकाश कमी पडला असता तर चित्रे फिकी आणि कडेचे आकडे गडद दिसले असते. येथे आकडेही फिके आहेत. शिवाय चित्रांतल्या सावल्यांत तपशील आहे. उणीव पडली ती उजळ भागांत. म्हणजे दोष डेव्हलपरच्या टाकीतला, कॅमेऱ्यातला नव्हे. दुसरा साक्षीदार तो तिसरा रोल. त्याच सकाळी, त्याच उन्हात, त्याच कॅमेऱ्याने घेतलेली ती चार चित्रे. तो रोल मी पुढे एकट्याने, तीनशे मिलिलिटरच्या टाकीत, समभाग पाण्याने, म्हणजे दीडशे मिलिलिटर मूळ द्रावण देऊन, तक्त्यातल्या अकरा मिनिटांऐवजी बारा मिनिटे ठेवून धुतला. चारही चित्रे आली, आणि एका हत्तीच्या झुलीवरचा प्रत्येक टिंब मोजता येतो. ह्याहून अधिक पुरावा कोणत्या न्यायालयाला हवा?

मग चूक नेमकी कुठे झाली? प्रमाणात नाही. एकास तीन हे प्रमाण आम्ही काटेकोर पाळले. चूक परिमाणात झाली. द्रावणाचे काम रोलवरच्या चांदीच्या क्षारांतून चांदी मोकळी करण्याचे. हे काम करताना मेटॉल आणि हायड्रोक्विनोन खर्ची पडतात आणि फिल्ममधून सुटणारे ब्रोमाइड उरलेल्या द्रावणाचे हात बांधते. म्हणून द्रावण किती तीव्र आहे ह्याबरोबरच एका रोलच्या वाट्याला मूळ द्रावण एकंदर किती आले, हे पाहावे लागते. आमच्या टाकीत एका रोलला पंचाहत्तर मिलिलिटर आले. सूत्राप्रमाणे त्यात मेटॉल ०.१५ ग्रॅम आणि हायड्रोक्विनोन ०.३७५ ग्रॅम. पाणी कितीही असो, काम करणारे हात एवढेच.

कोडॅकच्या माहितीपत्रकात हे सारे लिहिलेले आहे. डी-७६ समभाग पाण्याने वापरायचे तर छत्तीस चित्रांच्या एका रोलला ४७३ मिलिलिटर सौम्य द्रावण, म्हणजे सुमारे २३६ मिलिलिटर मूळ द्रावण. निम्म्या द्रावणात धुवायचे असेल तर वेळ दहा टक्के वाढवा; ही सवलत. म्हणजे सवलतीतसुद्धा एका रोलला सुमारे ११८ मिलिलिटर मूळ द्रावण हवे. आम्ही दिले पंचाहत्तर. एक्सटॉल ह्या दुसऱ्या डेव्हलपरसाठीही त्याच निर्मात्याने रोलला किमान शंभर मिलिलिटर मूळ द्रावणाची मर्यादा घातली होती. दस्तऐवजाचे एक कलम वाचायचे आणि त्याच्या खालचे कलम झाकून ठेवायचे, ही लबाडी पक्षकार करतो तेव्हा आम्ही वकील त्याला हटकतो. स्वतःच्या न्हाणीघरात मात्र आम्ही दोघांनी तेच केले.

“पण आठवड्यापूर्वीचा पालखीचा रोल तर आला होता!” हा काटकसऱ्यांचा हुकमी एक्का. त्या रोललाही तीनशेच्या टाकीत पंचाहत्तरच मिलिलिटर मूळ द्रावण मिळाले होते, हे मी मान्य करतो. तो का आला हे नीट पाहा. रात्रीचा रोल म्हणजे बहुतेक काळोख; मध्ये मशाली, समया, पालखीचा चांदीचा कळस. प्रकाश पडलेली जागा थोडी, म्हणून द्रावणाला काम थोडे. चुन्याची भिंत सकाळच्या उन्हात म्हणजे इंच न् इंच प्रकाश, आणि तीही छत्तीसच्या छत्तीस चित्रांत. चार पाहुण्यांना पुरलेला भाताचा टोप समाराधनेच्या पंक्तीला पुरत नाही, म्हणून आपण तांदळाला दोष देत नाही. एकदा निभावले हा नियमाचा पुरावा नव्हे. ती केवळ त्या दिवसाची कृपा. मापाचा हिशेब नेहमी सगळ्यांत भुकेल्या रोलचा धरावा लागतो.

“वेळ वाढवली असती तर?” हा दुसरा बचाव. द्रावण तीव्रतेने कमी पण पुरेसे असेल तर वेळ वाढवून काम होते. एकास तीनची वीस मिनिटे ह्याच तत्त्वावर उभी आहेत. परंतु द्रावण थकले असेल तर वाढीव वेळ म्हणजे दमलेल्या बैलाला दिलेला चाबूक. “स्कॅनर आणि संगणक उणीव भरून काढतील,” हा तिसरा, आणि आजच्या काळाचा लाडका. थोडी उणीव ते भरून काढतात, हे मी नाकारीत नाही. पण निगेटिव्हमध्ये ज्या दोन छटा एकमेकींपासून वेगळ्या झालेल्याच नाहीत, त्यांच्यामध्ये यंत्र ताणून ताणून कण मोठे करते; हत्तीची झूल विणून देत नाही. आणि एकदा फिल्म हायपोत गेली की न उमटलेले क्षार धुऊन जातात. मागून तीव्रता वाढवण्याच्या रसायनांना जी चांदी उरली आहे तेवढीच गडद करता येते. नसलेली चांदी आणता येत नाही. हायपोच्या निकालावर अपील नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. माहितीपत्रकाप्रमाणे एक लिटर मूळ द्रावणात, पाणी न घालता, छत्तीस चित्रांचे चार रोल होतात. समभाग पाणी घालून पूर्ण माप दिले तर तेवढ्याच लिटरात किती होतात? रोलला २३६ मिलिलिटर धरले तर पुन्हा चारच. सवलत घेतली तर आठ. सोळा किंवा वीस नव्हे. तेव्हा पाणी हे काटकसरीचे साधन आहे हा समजच मुळात खोटा. पाणी घालण्याचा खरा लाभ वेगळा आहे: प्रत्येक वेळी ताजे द्रावण वापरून फेकून देता येते, म्हणून आजचा रोल कालच्यासारखा येतो, रेषा धारदार येते, उष्ण हवेत वेळ हाताशी राहते. ज्याला हे हवे त्याने पाणी घालावे. ज्याला केवळ पैसे वाचवायचे आहेत त्याने आधी एका रोलच्या किमतीशेजारी त्याला लागणाऱ्या डेव्हलपरची किंमत लिहून पाहावी, आणि मग त्याच कागदावर पाडलेल्या भिंतीची किंमत लिहून दाखवावी.

प्रमाणाच्या लेखनातही एक खाच आहे. इल्फर्ड १+३ असे छापते. त्यात संदिग्धता नाही. एक भाग द्रावण, तीन भाग पाणी, एकूण चार. कोडॅक १:१ असे लिहिते आणि त्याचाही अर्थ एकास एकच. परंतु प्रयोगशाळांच्या लिखाणात १:४ म्हणजे कित्येकदा एकूण चार भागांत एक असा अर्थ असतो. तेव्हा कोणी तोंडी ‘एकास चार’ सांगितले तर एकूण भाग किती, हे विचारून घ्यावे. शब्दाच्या दुहेरी अर्थावर माणसांची घरे गेलेली मी न्यायालयात पाहिली आहेत; तिथे एक रोल म्हणजे काय?

ह्यापुढे काय करावे, ते थोडक्यात सांगतो. टाकीचे माप पाहण्याआधी रोल मोजावेत आणि प्रत्येकाच्या वाट्याचे मूळ द्रावण आधी काढून ठेवावे, पाणी त्यानंतर. टाकीत तेवढे मावत नसेल तर रोल कमी घालावा, द्रावण नव्हे. विहिरीचे पाणी उकळून, निववून, गाळून घ्यावे. पाणी घातलेले द्रावण त्याच दिवशी वापरून टाकून द्यावे. मूळ द्रावण भरलेल्या घट्ट बाटलीत सहा महिने टिकते, अर्ध्या बाटलीत दोनच, आणि पाणी घातलेले उद्यासाठी ठेवण्याजोगे नसते. जे पुन्हा मिळणार नाही ते दोन रोलांवर विभागून घ्यावे आणि दोन्ही एका टाकीत कधीही घालू नयेत. पहिला नीट आला की मगच दुसरा. निगेटिव्हच्या पाकिटावर फिल्म, डेव्हलपर, प्रमाण, रोलमागे मूळ द्रावण किती मिलिलिटर, तापमान आणि वेळ लिहावी. शेवटून तिसरा तो आकडा आमच्यापैकी एकाही पाकिटावर नव्हता.

देवस्थानांच्या कमिट्यांनाही दोन शब्द. जीर्णोद्धाराचा ठराव करण्यापूर्वी जुन्या वास्तूची चित्रे काढून घेण्याची बुद्धी काही ठिकाणी होऊ लागली आहे, ही आनंदाची गोष्ट. पण चित्र काढले म्हणजे नोंद झाली असे नव्हे. निगेटिव्ह धुऊन, वाळवून, उजेडात तपासून कोणी जबाबदार माणसाने “आली” असे सांगेपर्यंत पहारीला हात लावू देऊ नये. आठ दिवस थांबल्याने देव रागावणार नाही. तो त्या जुन्या भिंतींच्या आत कित्येक पिढ्या शांतपणे बसलेला होता.

आमचे स्नेही हा लेख वाचतील आणि रुष्ट होतील. त्यांनी व्हावे. माझा रोष त्यांच्याइतकाच माझ्यावरही आहे, कारण मोजपात्र त्यांच्या हातात होते तरी डोळे माझेही उघडे होते. ती चार चित्रे मी मोठी करून आमच्या अग्रशाळेत लावली आहेत. येणारी लहान मुले हत्तीच्या झुलीवरचे टिंब मोजतात आणि विचारतात, बाकीची भिंत कुठे आहे? त्यांना काय उत्तर द्यावे, हे काटकसऱ्यांनी मला सांगावे.